पुरस्कारांच्या यादीत न मावणाऱ्या दुर्गाबाई

चित्रपटसृष्टीतील एखाद्या मराठी व्यक्तीविषयी यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचवले तेव्हा माझ्या मनात पहिले नाव आले ते दुर्गा खोटे यांचे. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की नोकरी-व्यवसायासाठी आपण ज्या कोलकात्यात येऊन स्थायिक झालो, तेथे दुर्गाबाई आपल्यापैकी बहुतेकांच्या कितीतरी आधी, १९३३ च्या सुमारास, कामासाठी आल्या होत्या. दुसरे कारण जरा गमतीचे आहे. आमच्या ऑफिसात एकदा जेवणाच्या सुट्टीत जुन्या नट-नट्यांच्या पुरस्कारांवरून गप्पा रंगल्या. तुमच्या दुर्गा खोटेंना फिल्मफेअर किती वेळा मिळाले, असे एका बंगाली सहकाऱ्याने मला विचारले. मी म्हटले, एकदाच. तेही सहायक अभिनेत्री म्हणून, वयाच्या सत्तरीत. त्यांना ते खरे वाटेना. दोनशेच्या आसपास चित्रपट, अर्धशतकाची कारकीर्द, आणि फिल्मफेअर फक्त एक? खरे म्हणजे हा प्रश्न मलाही पडायला हवा होता. म्हणून मी त्यांच्या मानसन्मानांची यादीच मांडून बसले.

यादी तशी लहान आहे. बंगाल फिल्म जर्नालिस्ट्स असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दोनदा, १९४२ आणि १९४३ मध्ये. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५८ मध्ये. पद्मश्री १९६८ मध्ये. 'बिदाई' या १९७४ च्या चित्रपटासाठी फिल्मफेअर. आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार. एवढ्यावर यादी संपते. पण कोणता सन्मान कधी आणि कशासाठी मिळाला, आणि मधली वर्षे कोरी का राहिली, हे पाहू लागलो की त्यांचे सारे आयुष्यच समोर येते.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेरचे आडनाव लाड. घराणे मूळचे गोव्याचे, पण मुंबईत स्थिरावलेले, सुशिक्षित आणि सुखवस्तू. कॅथीड्रल शाळा आणि नंतर सेंट झेवियर्स कॉलेज असे त्यांचे शिक्षण झाले. त्या काळी मुलीला कॉलेजात पाठवणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढे खोट्यांच्या श्रीमंत घरात त्या सून म्हणून गेल्या. बकुल आणि हरिन अशी दोन मुले झाली. मात्र सासरच्या वैभवाला ओहोटी लागली आणि घर चालवण्यासाठी काहीतरी करणे भाग पडले. दुर्गाबाईंनी आधी शिकवण्या केल्या. त्यातून भागेना, तेव्हा १९३१ मध्ये मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रपटात एक लहानसे काम त्यांनी स्वीकारले. चित्रपट पडला. पण पडला म्हणून लोकांच्या नजरेतून सुटला, असे झाले नाही. खोट्यांची सून आणि लाडांची मुलगी सिनेमात गेली, याचा मुंबईत मोठा बोभाटा झाला. आपल्या चित्रपट-कारकिर्दीत दुर्गाबाईंच्या पदरी पडलेले पहिले माप होते ते बदनामीचे.

ही बदनामी किती खोलवर रुजलेली होती हे कळण्यासाठी थोडे मागे जायला हवे. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' तयार करत होते तेव्हा तारामतीच्या कामासाठी एकही स्त्री तयार झाली नाही. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून तारामती झाले. त्याच वर्षी फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनी कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचे धाडस केले. तरीही पांढरपेशा घरातील बायकांनी या वाटेला जाऊ नये, ही समजूत पुढे वीस वर्षे तशीच राहिली.

अशा वेळी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचे व्ही. शांताराम 'अयोध्येचा राजा' घेऊन आले. तारामतीसाठी त्यांनी दुर्गाबाईंना विचारले. आधीच्या अनुभवाने पोळलेल्या बाईने पुन्हा त्या फंदात पडू नये, असेच कोणीही सांगितले असते. दुर्गाबाई गेल्या. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई तारामती. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी हा बोलपट प्रदर्शित झाला आणि मराठीतला पहिला बोलपट म्हणून त्याची नोंद झाली. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नटाने स्वतः गायचे आणि ते कॅमेऱ्यासमोरच. ते सारे निभावून दुर्गाबाई घराघरात पोहोचल्या. ज्या भूमिकेसाठी १९१३ मध्ये बाई मिळाली नव्हती, तीच भूमिका १९ वर्षांनी कॉलेजात शिकलेल्या एका मराठी गृहिणीने आपल्या नावानिशी केली. या कामाला कोणतेही पारितोषिक मिळाले नाही, कारण चित्रपटातील अभिनयाला पारितोषिक देण्याची पद्धतच तेव्हा आपल्याकडे रुजलेली नव्हती. पण दुर्गाबाईंच्या यादीत पहिली ओळ लिहायचीच झाली, तर मी ती इथे लिहीन.

त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये चित्ता पाळणारी राणी त्यांनी रंगवली. १९३६ च्या 'अमर ज्योती'मध्ये तर त्या समुद्रावरच्या लुटारूंची नायिका सौदामिनी झाल्या. स्वतःच्या मुलावर आईला हक्क नाकारणाऱ्या राजसत्तेविरुद्ध ही स्त्री बंड पुकारते. तो चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला.

या दोन चित्रपटांच्या मधली काही वर्षे मात्र आपल्या शहराची आहेत. देवकीकुमार बोस यांनी न्यू थिएटर्ससाठी १९३३ मध्ये मीरेची कथा बंगाली आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत चित्रित केली. बंगालीत चंद्रावती देवी मीरा झाल्या आणि हिंदीत, 'राजरानी मीरा'मध्ये, दुर्गाबाई. पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता'मध्ये त्या सीता आणि पृथ्वीराज कपूर राम. दिग्दर्शक पुन्हा देवकीबाबू. हा चित्रपट १९३४ मध्ये व्हेनिसला गेला आणि तिथे त्याला मानपत्र मिळाले. परदेशातील महोत्सवात पोहोचलेला भारताचा पहिला बोलपट म्हणून तो ओळखला जातो. आज मेट्रोने टॉलीगंजवरून जाताना स्टुडिओंची ती जुनी वस्ती आठवली की मला नेहमी वाटते, परप्रांतात येऊन, परक्या मंडळींत बसून काम शिकण्याची जी धडपड आपण सर्वांनी थोडीफार केली, ती या बाईने कोणाचाही आधार नसलेल्या काळात केली. तेव्हा नट-नट्या एकाच कंपनीशी करार करून महिन्याच्या पगारावर काम करत. दुर्गाबाई प्रभातमध्ये रमल्या, न्यू थिएटर्समध्ये रमल्या, पण कोणा एका कंपनीच्या होऊन राहिल्या नाहीत. पुढे 'सवंगडी' (हिंदीत 'साथी') या चित्रपटाच्या निर्मितीतही त्या उतरल्या.

आता त्या पहिल्या दोन पुरस्कारांकडे वळू. ते मिळाले ते याच कोलकात्यातून! बंगालच्या चित्रपट-पत्रकारांनी १९३७ मध्ये आपली संघटना स्थापन केली होती. तिने १९४२ मध्ये दुर्गाबाईंना गौरवले ते 'चरणों की दासी'साठी. आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी'चे हे हिंदी रूप. यात वनमाला सोशिक सून आणि दुर्गाबाई तिला छळणारी सासू. पुढच्या वर्षीचा पुरस्कार विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप'साठी होता. त्यात सीता झाल्या होत्या शोभना समर्थ, आणि दुर्गाबाईंच्या वाट्याला आली होती कैकेयी.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तारामती, मीरा, सीता या भूमिकांनी दुर्गाबाईंना देवघरातल्या तसबिरीची जागा दिली होती. नायिका म्हणून नाव झालेली कोणतीही नटी ती जागा जपत बसली असती. दुर्गाबाईंनी पस्तिशी ओलांडताच खाष्ट सासू आणि कैकेयी स्वीकारली. लोक शिव्या देतील, याची फिकीर केली नाही. ज्या बाईला सुरुवातीलाच नको ते ऐकावे लागले होते, तिला लोकांच्या रागाचे काय भय! आणि पुरस्कारही मिळाले ते याच दोन भूमिकांना.

यानंतर चित्रपटातील कामासाठी पुढचे पारितोषिक मिळायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला. दुर्गाबाई मागे पडल्या होत्या म्हणून नव्हे. पुरस्कारांचे साचे त्यांच्या मापाचे नव्हते. फिल्मफेअर सुरू झाले १९५४ मध्ये. सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार त्याच्या पुढच्या वर्षी आला आणि पहिला मान 'बादबान'साठी उषा किरण यांना मिळाला. पुढे 'अनाडी'साठी ललिता पवार, 'आरती' आणि 'गुमराह'साठी लागोपाठ दोन वर्षे शशिकला, अशा आपल्या मराठी अभिनेत्रींनी तो पटकावला. खोटे घराण्यातील शुभा खोटे यांना तर 'घराना' आणि 'ससुराल' या चित्रपटांसाठी एकाच वर्षी दोन नामांकने मिळाली होती; पुरस्कार मात्र निरुपा रॉय यांना गेला. दुर्गाबाईंच्या वाट्याला या काळात आल्या त्या आईच्या भूमिका. 'मुगल-ए-आझम' (१९६०) मधील जोधाबाई आठवा. पती बादशहा, मुलगा बंडखोर, आणि दोघांच्या मध्ये अडकलेली ती राणी! समोर अकबर म्हणून उभे होते तेच पृथ्वीराज, जे २६ वर्षांपूर्वी त्यांचे राम होते. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, संवाद आणि छायाचित्रण अशी तीन फिल्मफेअर मिळाली. जोधाबाईला काही मिळाले नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत अभिनयाचा स्वतंत्र सन्मान सुरू झाला तो १९६७ च्या चित्रपटांपासून आणि सहायक अभिनेत्रीचा १९८४ च्या चित्रपटांपासून. तोवर दुर्गाबाई ऐंशीच्या घरात पोहोचल्या होत्या.

या कोऱ्या वर्षांत त्या स्वस्थ मात्र बसलेल्या नव्हत्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर त्यांनी 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई उभी केली. वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चे 'राजमुकुट' हे रूपांतर केले, त्यात १९५४ मध्ये त्या नानासाहेब फाटकांसमोर उभ्या राहिल्या. पुन्हा पाहा, दोन्ही भूमिका सत्तेच्या मोहात सापडलेल्या बायकांच्या! १९५८ चा संगीत नाटक अकादमीचा सन्मान या पार्श्वभूमीवर आला. लघुपट आणि जाहिरातपटांसाठी त्यांनी स्वतःची संस्था काढली. आपण सर्वांनी दूरदर्शनवर आवडीने पाहिलेली 'वागळे की दुनिया' ही १९८८ ची मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच. दुसऱ्याच्या करारावर अवलंबून राहायचे नाही, हा त्यांचा बाणा शेवटपर्यंत टिकला.

घरची दुःखे याच काळात त्यांनी सोसली. पतीचे निधन अकाली झाले. पुढे धाकटा मुलगा हरिन ऐन उमेदीत गेला. त्याची पत्नी म्हणजेच पुढे रंगभूमीवर मोठे नाव झालेल्या विजया मेहता. आपल्या आयुष्याचा हा सारा जमाखर्च दुर्गाबाईंनी 'मी, दुर्गा खोटे' या आत्मचरित्रात मांडला आहे. आपल्यापैकी ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी जरूर मिळवून वाचावे.

१९७३ मध्ये 'बॉबी' आला. त्यात डिंपल कापडियाची म्हातारी आजी, मिसेस ब्रगांझा, म्हणजे दुर्गाबाई. दिग्दर्शक राज कपूर. देवकीबाबूंच्या १९३५ च्या 'इन्किलाब'मध्ये दुर्गाबाई आणि पृथ्वीराज यांच्याबरोबर एक लहान मुलगा पडद्यावर पहिल्यांदा आला होता, तोच हा राज. त्यानंतर वर्षभरात 'बिदाई' आला आणि त्यातील आईने दुर्गाबाईंना एकदाचे फिल्मफेअर मिळवून दिले. मी स्वतः 'बिदाई'ला त्यांची सर्वांत मोठी भूमिका मानत नाही. पण कधी कधी एखाद्या कामाचे निमित्त होते आणि आधीच्या अनेक कामांचे देणे फेडले जाते, तसे ते झाले असावे.

शेवटचा सन्मान १९८३ सालचा, दादासाहेब फाळके यांच्या नावाचा. न्यू थिएटर्सचे बी. एन. सरकार आणि पृथ्वीराज यांना तो आधीच मिळाला होता. देविका राणी, सुलोचना (रुबी मायर्स) आणि कानन देवी यांच्यानंतर तो मिळवणाऱ्या त्या चौथ्या स्त्री. त्यांना तारामती करणारे शांतारामबापू यांना तो दोन वर्षांनंतर, १९८५ सालासाठी मिळाला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा पुरस्कार मराठी बोलपटातील पहिल्या तारामतीच्या हाती आला. यासारखा योग्य सन्मान दुसरा कोणता असेल!

२२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाई गेल्या. 'राजा हरिश्चंद्र'ला १०० वर्षे झाली त्या दिवशी, ३ मे २०१३ रोजी, टपाल खात्याने भारतीय चित्रपटसृष्टीतील ५० दिवंगतांची तिकिटे काढली. त्यांत दुर्गाबाईंचेही एक तिकीट आहे.

आज आपल्या मंडळातील मुली बंगळूर, पुणे, दिल्लीला नोकरीला जातात. कोणी नाटकात, कोणी मालिकेत काम करते, आणि आपण अभिमानाने सर्वांना सांगतो. गेल्या वर्षी आपल्याच रंगमंचावर लेकीसुनांनी नाटक केले, तेव्हा पहिल्या रांगेत त्यांच्या सासवा बसून टाळ्या वाजवत होत्या. हे आपल्याला इतके साधे वाटते, की त्यासाठी कोणीतरी कधी बोलणी खाल्ली होती, याची आठवणही राहत नाही. अशा गोष्टींची नोंद पुरस्कारांच्या यादीत होत नसते. ती आपण ठेवायची असते.

दुर्गाबाईंच्या स्मृतीस आपल्या सर्वांच्या वतीने विनम्र अभिवादन.