दाराखालून पोहोचलेली सुवार्ता



संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा जन्म १५६७ साली सॅव्हॉयमधील सरदार घराण्यात झाला. वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी पादुआ येथे कायद्याचे शिक्षण घेतले. पण १५९३ मध्ये ते धर्मगुरू झाले. पुढच्याच वर्षी ते शाब्ले या कॅल्व्हिनपंथी भागात गेले. तेथे त्यांचे प्रवचन ऐकायला फारसे कुणी येईना. मग त्यांनी आपल्या श्रद्धेचे विवेचन छोट्या पत्रकांवर लिहिले आणि ती पत्रके घराघरांच्या दाराखालून आत सरकवली. चार-पाच वर्षांत तेथील बहुसंख्य लोक कॅथलिक ख्रिस्तसभेत परतले. राज्यकर्त्या ड्यूकचे पाठबळ होते, हेही खरे. पण फ्रान्सिस लोकांच्या स्मरणात राहिले ते सौम्य वाणीमुळे. मूळचा तापट स्वभाव त्यांनी प्रयत्नपूर्वक आवरला होता.

१६०२ साली ते जिनिव्हाचे बिशप झाले. संसारी माणसालाही पवित्र जीवन जगता येते, हे सांगणारे त्यांचे पुस्तक १६०९ साली निघाले. १६२२ मध्ये त्यांचे निधन झाले व १६६५ मध्ये त्यांना संतपद मिळाले. १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना कॅथलिक लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. त्यांचा सण २४ जानेवारीला असतो.

आज आपल्या हातातील मोबाइल हीच ती दाराखालची फट आहे. बायबलचे वचन आपण क्षणात पाठवतो. तितक्याच सहजपणे दुसऱ्या धर्माची टिंगलही पुढे पाठवतो. बटण दाबण्यापूर्वी स्वतःला विचारू या: ज्याला आपले म्हणणे पटत नाही, त्याच्या दाराखालून फ्रान्सिस यांनी हा मजकूर आत सरकवला असता का?

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू