बारामतीचे मोरोपंत : पोथीपासून ग्रंथालयापर्यंत

बारामती म्हटले, की आज साखर कारखाने, शिक्षणसंस्था आणि राज्याचे राजकारण डोळ्यांसमोर येते. नीरा कालव्याचे पाणी या भागात येण्याच्या शंभर वर्षे आधी मात्र कऱ्हाकाठचे हे गाव मराठी रसिकांना ठाऊक होते ते एका कवीमुळे. मोरेश्वर रामचंद्र पराडकर, म्हणजेच मोरोपंत किंवा मयूर पंडित, यांनी आयुष्याची चार दशके येथे घालवली. सार्वजनिक वाचनालयाची कल्पनाही नसलेल्या काळात ग्रंथ सामान्य माणसापर्यंत कसा पोचत होता, हे त्यांच्या चरित्रातून स्पष्ट होते.

पराडकरांचे घराणे मूळचे कोकणातील. मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळगडावर झाला. तेथेच केशव पाध्ये व गणेश पाध्ये या विद्वान बंधूंकडे त्यांनी काव्य, व्याकरण आणि अलंकारशास्त्राचे अध्ययन केले. वडील रामाजीपंत बारामतीकर बाबूजी नाईक यांच्या पदरी होते. त्यामुळे ऐन पंचविशीच्या उंबरठ्यावर मोरोपंतही बारामतीस आले.

बाबूजी नाईक हे त्या काळातील बडे सावकार आणि सरदार. त्यांचे बंधू आबाजी नाईक हे पेशवे घराण्याचे जावई होते. थोरल्या बाजीरावांच्या निधनानंतर, १७४० मध्ये, पेशवेपदासाठी बाबूजींचे नाव पुढे आले होते. ते पद त्यांच्या हाती लागले नाही. मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने मात्र त्यांनी मोरोपंतांना दिलेला आश्रय अधिक मोलाचा ठरला. नाईकांच्या वाड्यात पुराण सांगणे, हे पंतांचे काम होते.

या कामाचे महत्त्व समजून घेण्यासाठी तेव्हाची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. मराठीत छापखाना नव्हता. प्रत्येक पोथी बोरूने, हाताने लिहावी लागे. एका ग्रंथाची एक नक्कल करण्यात महिने जात. साहजिकच पोथ्या मठांत, वाड्यांत आणि विद्वानांच्या घरी बासनात बांधलेल्या असत. त्यांतील बहुतेक संस्कृतात. तीही मूठभरांना कळणारी. अशा वेळी पोथी सोडून तिचा अर्थ श्रोत्यांना उलगडून सांगणारा पुराणिक हाच ग्रंथ आणि समाज यांना जोडणारा दुवा होता. श्रोत्याला अक्षरओळख असण्याची गरज नव्हती.

मोरोपंत याही पुढे गेले. जे सांगायचे ते त्यांनी मराठीत रचून ठेवले. संपूर्ण महाभारत त्यांनी 'आर्याभारता'त आणले. भागवतावर 'कृष्णविजय' आणि 'मंत्रभागवत' लिहिले. रामकथा तर त्यांनी १०८ वेगवेगळ्या प्रकारे सांगण्याचा संकल्प केला. त्यांतील 'निरोष्ठ रामायणा'त ओठ मिटून उच्चारावे लागणारे एकही अक्षर नाही. म्हणजे रामकथा सांगताना 'राम' हा शब्दच वापरायचा नाही! त्यांची एकूण रचना पाऊण लाखाच्या घरात मोजली जाते. आर्या-गीती हे वृत्त तर त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

त्यांची भाषा संस्कृतप्रचुर आणि यमकांच्या हव्यासाने जड झाली, हा आक्षेप जुना आहे आणि तो निराधार नाही. परंतु याच पंडिताने 'सीतागीत' आणि 'सावित्रीगीत' यांसारख्या सोप्या रचना घराघरांतील स्त्रियांना म्हणता याव्यात म्हणून केल्या, हेही विसरता येणार नाही. उतारवयात त्यांनी पृथ्वी वृत्तात 'केकावली' लिहिली. केका म्हणजे मोराचा टाहो. मयूर हे नाव धारण करणाऱ्या कवीने देवाला घातलेली ही आर्त साद त्यांची सर्वाधिक हृद्य रचना मानली जाते.

१७९४ च्या चैत्रात बारामतीतच मोरोपंतांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे काव्य टिकवले ते कीर्तनकारांनी. त्यांत सोलापूरचे शाहीर राम जोशी अग्रणी. लावणीकडून कीर्तनाकडे वळलेल्या या कवीने पंतांच्या आर्या गावोगावी पोचवल्या. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने आजही तुकोबांची पालखी पंढरीला जाते. कानांनी ग्रंथ ऐकण्याची परंपरा या मुलखात किती खोल रुजली आहे, याची ती खूण आहे.

पुढे छापखाना आला. १८५४ च्या 'नवनीत' या वेच्यांच्या संग्रहातून मोरोपंत शाळांत पोचले. १८६५ मध्ये दादोबा पांडुरंग यांनी 'केकावली'वर 'यशोदापांडुरंगी' ही टीका लिहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या कवितेची थोरवी मांडली. १९०८ मध्ये ल. रा. पांगारकरांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध झाले. तरीही १०८ पैकी काही रामायणे हाती लागली नाहीत. ज्या पोथीची नक्कल झाली नाही ती संपली, हा त्या काळाचा कठोर नियम होता.

१८४८ मध्ये पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने सार्वजनिक ग्रंथालय उभे राहिले. १९६७ मध्ये महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. आता ग्रंथ नष्ट होण्याची भीती तेवढी उरलेली नाही. मात्र पोथी बासनात असो वा ग्रंथ कपाटात, तो सोडून दुसऱ्याला सांगणारा कोणी लागतोच. नाईकांच्या वाड्यात मोरोपंतांनी तेच काम आयुष्यभर केले.