सीमाभागाचे विमानशिल्पी डॉ. विष्णू माधव घाटगे

निपाणीचा तंबाखू, संकेश्वरची मिरची आणि गडहिंग्लजची गुळाची बाजारपेठ यांनी ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यातून भारताला पहिला मोठा विमानरचनाकार मिळाला, ही गोष्ट बेळगाव-निपाणी परिसरातही फारशी सांगितली जात नाही. डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म 24 ऑक्टोबर 1908 रोजी गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपू येथे झाला. गाव तेव्हा कोल्हापूर संस्थानात होते. शेजारचा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, आणि आजची राज्यसीमा अजून आखली जायची होती.

मुंबईत विज्ञानाचे शिक्षण पूर्ण करून घाटगे जर्मनीतील गॉटिंगेन येथे गेले. आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक मानले जाणारे लुडविग प्रांटल तेथे अध्यापन करीत होते. त्यांच्या हाताखाली संशोधन करून घाटगे यांनी 1936 मध्ये डॉक्टरेट मिळवली. पंखावरून वाहणारी हवा विमानाला कशी उचलते, याचे गणित ते शिकून आले. पण ते गणित वापरण्याजोगा कारखाना त्या वेळी देशात नव्हता.

ती उणीव सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी भरून काढली. म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली, आणि घाटगे तेथे रुजू झाले. युद्धामुळे सरकारने 1942 मध्ये कंपनीचा ताबा घेतला आणि कारखाना परदेशी विमानांच्या जोडणी-दुरुस्तीत गुंतला. त्याच वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. त्याची धुरा घाटगे यांच्याकडे आली. विमाने दुरुस्त करणारे हात तयार होत असतानाच ती रचणारी डोकी घडवण्याचे काम त्यांनी हाती घेतले.

त्याचे फळ 5 ऑगस्ट 1951 रोजी दिसले. घाटगे यांच्या पथकाने रचलेले एचटी-2 हे दोन आसनी प्रशिक्षण विमान त्या दिवशी प्रथम आकाशात झेपावले. इंजिन ब्रिटिश होते. पण आराखडा, गणित आणि सांगाडा भारतीय होता. अशी दीडशेहून अधिक विमाने तयार झाली, घानानेही काही घेतली. पुढे उड्डाण क्लबांसाठी पुष्पक, हवाई निरीक्षणासाठी कृषक आणि 1964 मध्ये किरण हे जेट प्रशिक्षण विमान आले. हवाई दलाच्या वैमानिकांच्या अनेक पिढ्या किरणवर शिकल्या. 1965 मध्ये घाटगे यांना पद्मश्री देण्यात आली.

प्रवासी विमानांचा मार्ग मात्र निराळा ठरला. जुन्या डाकोटांच्या जागी आखूड धावपट्टीवर उतरू शकणारे, टर्बोप्रॉप इंजिनांचे विमान हवे होते. त्यासाठी हवाई दलाने कानपुरात ब्रिटिश परवान्यावर एव्हरो 748 बांधायला घेतले. तेथे जोडलेले पहिले विमान 1 नोव्हेंबर 1961 रोजी उडाले. 1964 मध्ये कानपूरचा कारखाना हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये विलीन झाला. एकूण 89 विमाने तयार झाली. त्यांपैकी 72 हवाई दलाने आणि 17 इंडियन एअरलाइन्सने वापरली. पुढे कानपुरातच डॉर्नियर 228 ही जर्मन रचनेची टर्बोप्रॉप विमाने परवान्यावर तयार होऊ लागली.

परवान्याने कसब येते, सुटे भाग बनवता येतात. रचनेचा हक्क मात्र मूळ मालकाकडेच राहतो. इंजिन वा पंख बदलायचा, नवी आवृत्ती काढायची, तर परवानगी त्याची लागते. घाटगे यांनी प्रशिक्षण विमानांच्या बाबतीत हे परावलंबन मोडून दाखवले. लहान शहरांना जोडणाऱ्या प्रवासी विमानाच्या बाबतीत ते अद्याप मोडलेले नाही. सरस या भारतीय टर्बोप्रॉपने 2004 मध्ये पहिले उड्डाण केले. प्रवासी सेवेत मात्र ते आलेले नाही. बेळगावच्या सांबरा विमानतळाने पाहिलेली एटीआर विमाने फ्रान्समधील तुलूझ येथे जोडली जातात.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. बेळगाव-निपाणी महामार्गावरील हत्तरगी येथे आज विमानांचे सुटे भाग तयार होऊन परदेशी कंपन्यांकडे जातात. सीमाभागातील तरुणांच्या हाती कसब आले आहे. त्याला रचनेची जोड देण्याचे काम उरले आहे, आणि त्याचा वस्तुपाठ याच परिसरातील माणसाने घालून दिला आहे.

डॉ. घाटगे यांचे 6 डिसेंबर 1991 रोजी निधन झाले. बंगळुरूतील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या सभागृह-संकुलाला त्यांचे नाव आहे. सीमाभागातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतही ते नाव तितक्याच आदराने उच्चारले जावे.