लोकसेवेचा खरा अर्थ : मरहूम रफी अहमद किडवाई

वाचकहो, शिवडी-वडाळ्याकडे कधी आपले जाणे झाले असेल, तर रफी अहमद किडवाई मार्ग ही पाटी आपण वाचलीच असेल. परंतु हे गृहस्थ कोण, असे विचारले तर आपल्या शाळा-महाविद्यालयांतील किती मुले उत्तर देऊ शकतील? कायदेमंडळात बसून सामान्य माणसाची सेवा कशी करता येते, याचा धडा ज्यांच्या आयुष्यातून घ्यावा अशा थोड्या माणसांत रफीसाहेबांची गणना होते. म्हणून हा अल्प परिचय.

त्यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८९४ रोजी संयुक्त प्रांतातील बाराबंकी जिल्ह्यात, मसौली या गावी, एका जमीनदार घराण्यात झाला. अलीगढच्या कॉलेजातून १९१८ साली ते पदवीधर झाले. पुढे कायद्याचा अभ्यास सुरू असतानाच खिलाफत आणि असहकार चळवळीची हाक आली. वकिलीची वाट सोडून त्यांनी तुरुंगाची वाट धरली. सुटून आल्यावर ते पंडित मोतीलाल नेहरूंचे चिटणीस झाले.

१९२६ साली ते मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले व तेथे त्यांच्याकडे स्वराज्य पक्षाच्या प्रतोदाचे काम आले. प्रतोदाचे नाव वर्तमानपत्रात फारसे येत नाही. पुढील आठवड्यात कोणते विधेयक यायचे आहे, आपला कोणता सभासद गावी गेला आहे, कोण आजारी आहे, कोणाला तार करून बोलवावे लागेल, हे सारे त्याने ध्यानात ठेवायचे असते. या कामाचे मोल किती ते १९२८ साली दिसले. सरकारने आणलेल्या सार्वजनिक सुरक्षितता विधेयकावर दोन्ही बाजूंना सारखी मते पडली आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी आपले निर्णायक मत विरुद्ध टाकून ते फेटाळले. त्या दिवशी एकच सभासद कमी आला असता तर? तेव्हा, विद्यार्थी मित्रहो, हजेरीला क्षुल्लक समजू नका.

लाहोरच्या अधिवेशनात संपूर्ण स्वराज्याचा ठराव झाल्यावर रफीसाहेबांनी कायदेमंडळ सोडले आणि ते रायबरेलीच्या शेतकऱ्यांत जाऊन राहिले. पुन्हा तुरुंगवास घडला. १९३७ साली पंतांच्या मंत्रिमंडळात ते महसूलमंत्री झाले. ज्या कुळांची दुःखे त्यांनी जवळून पाहिली होती, त्यांना वंशपरंपरेने जमीन कसण्याचा हक्क देणारे विधेयक त्यांच्याच खात्याकडून आले. जमीनदारांनी त्याला कडाडून विरोध केला. रफीसाहेब स्वतः जमीनदाराच्या घरातले, नातेवाईक व स्नेहीही त्याच वर्गातले! तरी ते डगमगले नाहीत. १९३९ चा कूळकायदा झाला आणि पुढच्या जमीनदारी निर्मूलनाचा पाया घातला गेला.

मग १९४७ साल उजाडले. फाळणीच्या वणव्यात त्यांचे सख्खे बंधू शफी अहमद मसुरी येथे मारले गेले. ते तेथील नगरपालिकेचे प्रशासक होते. विचार करा, वाचकहो! अशा वेळी माणसाचे मन कडवट झाले असते तर त्याला कोणी दोष दिला असता काय? शफीसाहेबांच्या पत्नी बेगम अनीस किडवाई दिल्लीच्या निर्वासित छावण्यांत सेवेसाठी गेल्या. रफीसाहेब स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात दळणवळणमंत्री म्हणून काम करू लागले. त्या मंत्रिमंडळात मौलाना आझाद आणि ते असे दोनच मुस्लिम मंत्री होते.

टपाल आणि टेलिफोन ही खाती त्या काळी मोठी समजली जात नसत. रफीसाहेबांनी त्यांचेच चीज केले. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीनंतर आपल्या नागपुरात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि सकाळपर्यंत आपापल्या शहरी परत जात. त्याच वर्षी, जेथे विमानाने वेळ वाचत असेल तेथे साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. एकरकमी पैसे भरून टेलिफोन मिळविण्याची योजनाही त्याच वर्षीची.

सर्वांनीच या कामाची वाहवा केली असे मात्र नाही. जे. आर. डी. टाटांसारख्या जाणकाराने रात्रीच्या सेवेविषयी गंभीर आक्षेप घेतले होते. १९५३ साली नागपुरास टपाल विमानाला अपघात होऊन माणसे दगावली, हेही विसरता येत नाही. पण सेवा टिकली. ती १९७३ पर्यंत चालली.

१९५१ साली पक्षात मतभेद झाल्याने त्यांनी काँग्रेस व मंत्रिपद सोडले, आणि काही काळाने ते परत आले. १९५२ च्या निवडणुकीनंतर त्यांच्याकडे अन्न व शेती खाते आले. रेशनकार्ड, रांगा, काळाबाजार यांनी लोक हैराण झाले होते. लोक धान्य दडवितात ते भीतीपोटी, आणि सरकारी कोठार भरलेले दिसले की भीती जाते, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी साठा वाढविला आणि नियंत्रणे एकेक करून उठविली. १९५३ च्या चांगल्या पावसानेही हात दिला. १९५४ साली तांदळावरचे नियंत्रण गेले. टंचाई पुढे पुन्हा आली, हे खरे. परंतु ती दोन वर्षे गरिबाच्या चुलीला दिलासा मिळाला.

२४ ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत ते निधन पावले. दम्याचा विकार जुनाच होता. देशाचे धान्य व टपाल सांभाळणाऱ्या या मंत्र्याने मागे इस्टेट ठेवली नाही, कर्ज ठेवले. जो गरजू दाराशी आला त्याला देत गेले, प्रसंगी दुसऱ्याकडून घेऊन दिले.

वाचकहो, आपल्या समाजात एक तक्रार नेहमी ऐकू येते की कायदेमंडळात आपली माणसे थोडी. तक्रार खोटी नाही. पण तेथे गेलेल्या माणसाने काय करावे, याचा विचार आपण तितक्याच कळकळीने करतो का? रफीसाहेबांनी पोहोचविलेले पत्र हिंदूच्या घरी गेले तसेच मुसलमानाच्याही गेले. त्यांनी सोडविलेल्या धान्याला जातधर्म नव्हता. आणि म्हणूनच त्यांच्या कौमची मान उंच झाली.

पालकांनो, आपल्या मुलामुलींना शिकवा ते केवळ नोकरीपुरते नको. अधिवेशनात कोणते विधेयक येणार आहे, ते त्यांना वर्तमानपत्रातून वाचू द्या. आपल्या गावची टपाल कचेरी, रेशनचे दुकान, दवाखाना नीट चालतो की नाही, हे त्यांना पाहू द्या. चालत नसेल तर नम्रपणे पण निर्भयपणे लेखी अर्ज करू द्या. उद्याचे रफीसाहेब अशाच घरांतून निघतील. अल्लाहतआला मरहूमांना जन्नत नसीब करो आणि आपल्या संस्थेच्या मुलांना त्यांच्या वाटेने चालण्याची तौफीक देवो.