आट्यांना शिस्त लावणारे जोसेफ व्हिटवर्थ

वसई पूर्वेला वालीवच्या औद्योगिक पट्ट्यात लहान-मोठ्या गाळ्यांमधून दिवसभर लेथ आणि ड्रिलची घरघर ऐकू येते. या गाळ्यांबाहेर उभ्या असलेल्या एखाद्या मोटारसायकलच्या साइड पॅनलचा स्क्रू सैल झाला, तर कारागीर डब्यातून दुसरा काढतो, दोन बोटांनी फिरवून पाहतो आणि आवळतो. स्क्रू एका कारखान्यातला, नट दुसऱ्या कारखान्यातला. तरीही दोघांचे जमते. आज हे अगदी साहजिक वाटते. परंतु पावणेदोनशे वर्षांपूर्वी यंत्रविद्येत अग्रेसर असलेल्या ब्रिटनमध्येही अशी सोय नव्हती. ती घडवून आणण्याचे मोठे श्रेय जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराकडे जाते.

व्हिटवर्थ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी मँचेस्टरजवळील स्टॉकपोर्ट येथे झाला. वडील शिक्षक आणि धर्मोपदेशक होते. आई लहानपणीच वारली. पुढे मुलाने काकांच्या सूतगिरणीत काम शिकावे आणि व्यवसाय सांभाळावा, असे ठरले. मुलाचे मन मात्र सुतापेक्षा सूत कातणाऱ्या यंत्रांत रमले. अखेर ती नोकरी सोडून त्यांनी मँचेस्टर गाठले आणि यंत्रशाळेत साधा कारागीर म्हणून हातात कानस घेतली.

१८२५ च्या सुमारास ते लंडनला गेले. तेथे हेन्री मॉडस्ले यांच्या विख्यात कारखान्यात त्यांना अचूकतेचे खरे शिक्षण मिळाले. पुढे चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्राचे भाग घडवणाऱ्या जोसेफ क्लेमंट यांच्याकडेही त्यांनी काम केले. पूर्ण सपाट पृष्ठभाग कसा तयार करावा, हा त्या काळी कारागिरांपुढचा मोठा प्रश्न होता. तीन पाट घेऊन ते आळीपाळीने एकमेकांवर ताडून पाहायचे आणि उंचवटे खरवडून काढायचे, ही पद्धत व्हिटवर्थ यांनी परिपूर्ण केली. दोनच पाट असतील तर एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खोलगटात लपू शकतो. तिसरा पाट ती लबाडी उघडी पाडतो.

१८३३ मध्ये मँचेस्टरला परतून त्यांनी स्वतःचा कारखाना थाटला. लवकरच त्यांची लेथ आणि रंधायंत्रे नावाजली गेली. मात्र धंदा वाढला तशी एक अडचण ठळक होत गेली. प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. कोणाचे दाट, कोणाचे विरळ, कोणाचे टोकदार, तर कोणाचे बोथट. एका गावी बनलेल्या इंजिनाचा एक बोल्ट हरवला तर मूळ कारखान्याकडे धाव घ्यावी लागे, नाहीतर नवा बोल्ट हाताने घडवावा लागे.

व्हिटवर्थ यांनी यावर शोधलेला तोडगा व्यवहारी होता. स्वतःचा आटा सर्वांवर लादण्याऐवजी त्यांनी देशभरातल्या कारखान्यांतून बोल्टचे नमुने गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि सरासरी काढली. १८४१ मध्ये सिव्हिल इंजिनिअरांच्या लंडनमधील संस्थेपुढे त्यांनी आपला निबंध मांडला. आट्याचा कोन ५५ अंशांचा, माथा व तळ गोलसर, आणि प्रत्येक जाडीला इंचामागे आट्यांची संख्या ठरलेली, अशी ही योजना होती. पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२, तर एक इंचाला ८ आटे. कोणाचीच रीत पुरती न मोडल्यामुळे ही पद्धत स्वीकारणे कारखानदारांना जड गेले नाही. प्रथम रेल्वे कंपन्यांनी ती उचलली आणि पुढील दोन दशकांत ती ब्रिटनभर रूढ झाली. ब्रिटिश यंत्रांसोबत हेच आटे भारतातही आले.

१८५१ च्या लंडन प्रदर्शनात त्यांच्या यंत्रांची वाहवा झाली. याच दशकात त्यांनी इंचाच्या दहा लाखाव्या भागाचा फरक दाखवणारे मापनयंत्र सिद्ध केले. बंदुकीच्या बाबतीत मात्र त्यांच्या पदरी निराशा आली. षटकोनी नळीची त्यांची रायफल १८५७ च्या चाचण्यांत एन्फिल्ड रायफलपेक्षा सरस ठरली, तरीही ब्रिटिश सरकारने ती सरसकट स्वीकारली नाही. ज्या एन्फिल्डच्या शस्त्रकारखान्याशी हे नाव जोडले गेले, त्याच नावाची मोटारसायकल पुढे निघाली. १९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेल्या बुलेटच्या जुन्या गाड्यांचे बोल्ट ब्रिटिश इंची मापांचे असत आणि ते खोलायला व्हिटवर्थ मापाचे पाने लागत. मेट्रिक मापे नंतर आली.

इंची आणि मेट्रिक मापांच्या या घोटाळ्याची झळ साध्या दुरुस्तीलाही बसते. भारतीय कार्यशाळांत पाव इंचाच्या बोल्टला आजही ‘दोन सुती’ म्हणतात. त्याची जाडी ६.३५ मिलिमीटर, तर दोन आट्यांमधील अंतर १.२७ मिलिमीटर. बऱ्याच आधुनिक मोटारसायकलींच्या पॅनलला ६ मिलिमीटरचा बोल्ट असतो आणि त्याचे आटे १ मिलिमीटर अंतरावर असतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. सहा मिलिमीटरच्या नटात दोन सुती बोल्ट जोर लावून बसवला, की नटाचे आटे चिरडले जातात आणि पुढे योग्य बोल्टही त्यात धरत नाही. म्हणून बोल्ट आधी हाताने दोन-तीन फेरे सहज जातो का, हे पाहणे हिताचे. मळ साचला असेल किंवा आटे किंचित दबले असतील, तर त्याच मापाचा टॅप फिरवून ते साफ होतात. आटे पुरते गेले असतील, तर भोक मोठे करून तारेची आटेदार गुंडाळी बसवावी किंवा नवा नट वेल्ड करावा. आटे शाबूत असूनही गाडीच्या थरथरीने बोल्ट सैल होत असेल, तर झिजलेले रबरी बुश व वॉशर बदलल्याने काम भागते.

व्हिटवर्थ यांना १८६९ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. त्याआधी १८६८ मध्ये त्यांनी तरुण यंत्रकारांसाठी वर्षाला तीन हजार पौंडांच्या शिष्यवृत्त्यांची योजना केली होती. पुस्तकी ज्ञान आणि हातातले कसब या दोन्हींची त्यात परीक्षा होई. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. त्यांच्या संपत्तीचा मोठा वाटा लोकोपयोगी कामांना गेला आणि त्यातूनच मँचेस्टरचे व्हिटवर्थ कलादालन उभे राहिले.

अमेरिकेने १८६४ नंतर ६० अंशांचा आटा पसंत केला. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांचे सुटे भाग एकमेकांना बसेनात, तेव्हा ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये समान आटा मान्य केला. मेट्रिक आट्याचा कोनही ६० अंशांचाच आहे. यंत्रांतून व्हिटवर्थ यांचा ५५ अंशांचा आटा अशा रीतीने मागे पडला. नळाच्या पाइपांना मात्र भारतात आजही तोच कोन चालतो. घरातील नळ बदलताना प्लंबर जे आटे जुळवतो, ते याच कारागिराने घालून दिलेले आहेत.