डॉ. इस्मार बोआस : पोटाच्या रोगांचे पहिले डॉक्टर

वाचकहो, पन्नाशी ओलांडली की कुपत होलिमकडून दरवर्षी मलतपासणीची लहानशी नळी मिळते. आपल्यातील पुष्कळजण लाजेने ती कपाटात टाकून देतात. मीही एक वर्ष तसेच केले. ही तपासणी ज्यांच्यामुळे रूढ झाली त्या यहुदी डॉक्टरची ही हकीकत.

इस्मार बोआस यांचा जन्म २८ मार्च १८५८ रोजी एक्सिन गावी झाला. हे गाव तेव्हा प्रशियात होते, आता पोलंडमध्ये आहे. १८८६ साली बर्लिनमध्ये त्यांनी केवळ पोटाच्या व आतड्यांच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. पोटाच्या रोगांचा वेगळा डॉक्टर ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

पोटात काय चालले आहे हे बाहेरून कळावे कसे? बोआस आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी एवाल्ड यांनी १८८५ साली एक सोपी युक्ती काढली. रोग्याने सकाळी उपाशीपोटी एक कोरडा पाव खावा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा किंवा पाणी प्यावे. तासाभराने रबरी नळीने जठरातील अन्न बाहेर काढून तपासावे. बोआस त्यात रिसॉर्सिन व साखरेचे द्रावण घालून हलके तापवीत. गुलाबी-लाल रंग आला, तर जठरात आम्ल आहे असे समजावे. रोग्याला नळी गिळणे किती जड जात असेल!

पण त्यांचे मोठे काम पुढेच होते. जठराच्या व आतड्याच्या कर्करोगात रक्त थोडेथोडे झिरपते, डोळ्यांना दिसत नाही. ग्वायाक झाडाच्या राळेने रक्त ओळखण्याची रीत आधीपासून होती. अशा छुप्या रक्ताचा शोध मलात घेऊन रोग ओळखावा, हे १९०१ पासून बोआस यांनी डॉक्टरांना पटवून दिले. खाल्लेल्या मांसातील रक्तानेही निळा रंग येई, म्हणून रोग्याला आधी काही दिवस मांस वर्ज्य असे. आजची तपासणी फक्त माणसाचे रक्त ओळखते, त्यामुळे शब्बाथचे मटण सोडावे लागत नाही.

१८९५ साली त्यांनी पचनरोगांचे नियतकालिक काढले. नाव बदलून 'डायजेशन' म्हणून ते पुढे चालू राहिले.

नाझी राजवटीत, १९३६ साली, त्यांना बर्लिन सोडून व्हिएन्नास जावे लागले. १२ मार्च १९३८ रोजी जर्मन सैन्य तेथेही शिरले. तीन दिवसांनी बोआस यांनी आपले जीवन संपविले. ऐंशीव्या वाढदिवसाला तेरा दिवस उरले होते.