मायकेल फॅरडे व लोखंडी कडें

भुसावळजवळील दीपनगरहून मोठ्या दाबानें निघालेली वीज खेड्यांतील रोहित्रांतून उतरूनच घरांत शिरते. आपण ज्यास 'डी.पी.' म्हणतों, त्या रोहित्राचें तत्त्व शोधणारे मायकेल फॅरडे १७९१ सालीं एका गरीब इंग्रज लोहाराच्या पोटीं जन्मले. चौदाव्या वर्षीं ते पुस्तकबांधणी शिकूं लागले, आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचूनच शहाणे झाले. १८१२ त हंफ्री डेव्ही यांचीं व्याख्यानें ऐकून काढलेलीं टिपणें त्यांनीं स्वहस्तें बांधून डेव्हींस पाठविलीं. पुढल्या वर्षीं त्यांस प्रयोगशाळेंत मदतनीसाची जागा मिळाली. उच्च गणित त्यांस कधींच आलें नाहीं!

२९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यांनीं लोखंडी कड्याच्या दोन बाजूंस तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं. एक विद्युत्घटास जोडतांच दुसऱ्याजवळील चुंबकसूची क्षणभर हलली. प्रवाह तोडतांच उलट हलली. मधल्या वेळांत, प्रवाह अखंड वाहत असतां, ती निश्चल! दुसरा कोणी प्रयोग फसला असें समजून उठला असता. फॅरडे यांनीं ताडलें कीं, प्रवाह बदलतो तेव्हांच शेजारच्या तारेंत वीज उत्पन्न होते.

दुसऱ्या वेटोळ्याचे वेढे पहिल्याच्या एकदशांश असल्यास दाब एकदशांश होतो, प्रवाह दसपट. आदर्श रोहित्रांत शक्ति तितकीच राहते. खऱ्या रोहित्राचा गुणगुणाट विद्यार्थ्यांनीं दुरूनच ऐकावा. थोडी शक्ति त्यांतही निसटते.

व्यवहारोपयोगी रोहित्र १८८५ सालीं बुडापेस्ट येथें सिद्ध झालें. फॅरडे १८६७ सालींच निवर्तले होते.